परदेशातला ट्रेक निवडताना: नाव सगळ्यात शेवटी

परदेशी ट्रेकची निवड बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होते. आधी नाव ठरते: एव्हरेस्ट बेस कॅम्प, किलीमांजारो, माचू पिचू. मग रजा, महिना, गुडघे आणि पैसे त्या नावात कसेबसे कोंबले जातात. इथे क्रम सुलटा केला आहे. आधी दिवस, मग महिना, मग झोपण्याची उंची, रोजची चाल, वाटेचा स्वभाव, परवाने आणि विमा. मनातल्या दहा-बारा ट्रेकची यादी एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक पायरीवर जे बसत नाही त्यावर काट मारत जा. शेवटी दोन-तीन नावे उरली की काम झाले.

पायरी १: रजेतून वजाबाकी

रजा १६ दिवसांची आहे म्हणजे ट्रेकला १६ दिवस मिळाले, असे नसते. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा हिशोब मांडून पाहा. येण्या-जाण्याच्या विमानप्रवासाचे २ दिवस, काठमांडूत परमिट आणि राहिलेली खरेदी यांचा १ दिवस, डोंगरातल्या छोट्या विमानतळाचे गाव लुक्ला, तिथून निघून तिथेच परत येईपर्यंत चालण्याचे १२ दिवस. झाले १५, उरला एक. आता लुक्लाचे विमान बघा. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते, त्यामुळे ढग बसले की उड्डाण बंद. एक सकाळ हुकली की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे प्रवासी एकाच रांगेत उभे असतात. शिवाय गर्दीच्या महिन्यांत ही विमाने बरेचदा काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. तिथवर गाडीने चार-पाच तास लागतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर निघायचे. या ट्रेकला दोन राखीव दिवस हवेतच, आणि बेरीज १७ होते. सोळात तो बसत नाही. ओढूनताणून बसवला तर कापला जातो तो वाटेतल्या नामचे किंवा दिंगबोचे या मुक्कामांतला विश्रांतीचा दिवस, आणि नेमका तोच कापायचा नसतो. का, ते तिसऱ्या पायरीत.

राखीव दिवस ट्रेकच्या शेवटी ठेवा. सुरुवातीला उशीर झाला तर चालण्याचा कार्यक्रम थोडा आखडता येतो. परतीचे आंतरराष्ट्रीय विमान मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

शनिवार-रविवार जोडून नऊच दिवस मिळत असतील तर मोठ्या नावांच्या मागे लागू नका. जॉर्जियातल्या स्वानेती भागात मेस्तिया ते उशगुली ही वाट चार दिवसांची आहे. आइसलंडची लाउगावेगुर सुमारे ५५ किलोमीटरची, तीही साधारण चार दिवसांत होते. मोरोक्कोतले तुबकाल (४,१६७ मीटर) दोन-तीन दिवसांत, तर बोर्निओतले किनाबालू (४,०९५ मीटर) एका मुक्कामात होते. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडच्या पॅटागोनियातला ‘डब्ल्यू’ ट्रेक चालायला चार-पाच दिवसांचाच आहे. पण तिथे पोहोचायलाच इतका वेळ जातो की नऊ दिवसांत तो न धरलेला बरा.

पायरी २: महिना

महिना तुमच्या हातात नसेल तर या पायरीवर अर्धी यादी गळते. नेपाळमध्ये मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. जून ते सप्टेंबर पावसाळा. पण अपर मुस्तांग आणि डोल्पो पर्जन्यछायेत येत असल्याने तेव्हाही चालता येतात. आल्प्समध्ये जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. पेरूच्या अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर कोरडा काळ असतो, आणि माचू पिचूला जाणारी इंका ट्रेल दर फेब्रुवारीत देखभालीसाठी बंद असते. पॅटागोनिया आणि न्यूझीलंडमध्ये आपला हिवाळा तोच त्यांचा उन्हाळा, म्हणून नोव्हेंबर ते मार्च. किलीमांजारोला जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर असे दोन कोरडे काळ मिळतात.

हंगामाच्या कडांवर फसगत होते. आल्प्समधल्या हट, म्हणजे वाटेवरची मुक्कामघरे, जूनच्या मध्यात उघडतात, म्हणून वाटही मोकळी असेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अडीच हजार मीटरवरच्या खिंडींच्या सावलीच्या बाजूला तेव्हाही कडक बर्फाचे उतार असू शकतात आणि सकाळी ते काचेसारखे असतात. बर्फावर चालायची सवय नसेल तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्याआधी जाऊ नये. पॅटागोनियात उलटे आहे. भर उन्हाळ्यात दिवस लांब आणि थंडी कमी, पण वाऱ्याचा जोर तेव्हाच सर्वाधिक. खिंडीत माणूस सॅकसकट ढकलला जातो. मार्चमध्ये वारा थोडा उतरतो, गर्दीही.

चांगला महिना म्हणजे हमी नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये, नेपाळच्या ऐन हंगामात, हुदहुद चक्रीवादळाचे उरलेले ढग हिमालयावर आले आणि अन्नपूर्णा परिसरात, मुख्यतः थोरोंग ला या ५,४१६ मीटरच्या खिंडीच्या आसपास, हिमवादळात चाळीसहून जास्त माणसे गेली. त्यामुळे उंच खिंड ओलांडणारा ट्रेक धरताना खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी एक दिवस थांबता येईल एवढी सैल आखणी हवी. ज्याला थांबायला दिवसच नाही, तो ढग दिसत असताना चढायला लागतो.

पायरी ३: झोपण्याची उंची

जाहिरातीत शिखराची उंची मोठ्या अक्षरांत असते. शरीराला फरक पडतो तो रात्री कुठे झोपता याने. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. या हवेशी जुळवून घ्यायला शरीराला दिवस लागतात, आणि तंदुरुस्तीने ते दिवस कमी होत नाहीत. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास होतो. किंबहुना तो भराभर चढतो म्हणून लवकर होतो.

सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढावी. कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमातून फक्त मुक्कामांची नावे काढा, पुढे मीटर लिहा आणि शेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा. दहा मिनिटांचे काम आहे. उदाहरणादाखल दोन कार्यक्रम शेजारी ठेवू.

एव्हरेस्ट बेस कॅम्प: फाकदिंग २,६१०, नामचे ३,४४० (दोन रात्री), तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१० (दोन रात्री), लोबुचे ४,९१०, गोरकशेप ५,१४०.

किलीमांजारो, मरांगू वाटेने पाच दिवसांत: मंदारा २,७००, होरोम्बो ३,७२०, किबो ४,७००, आणि त्याच रात्री निघून पहाटे उहुरू शिखर, ५,८९५.

पहिल्या कार्यक्रमात नामचेची उडी ८३० मीटरची आहे, नियमाबाहेरची. पण तिथे दुसरी रात्र असल्यामुळे हिशोब भरून निघतो. पुढचे आकडे ४२०, ५५०, मग पुन्हा विश्रांती, मग ५०० आणि २३०. दुसऱ्या कार्यक्रमात १,०२०, ९८० आणि वर झोप न घेता आणखी जवळपास १,२००. किलीमांजारोवरून अर्ध्यातून परतणाऱ्यांचे पाय कमी पडतात असे नाही, त्यांच्या कार्यक्रमात रात्री कमी पडतात. त्याच डोंगरावर आठ दिवसांची लेमोशो वाट घेतली तर एका दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४,६०० मीटरवर चढवून झोपायला चार हजारांच्या खाली बारांकोला आणतात. उंच चढा, खाली झोपा. या तीन जादा दिवसांचे पैसे वाचवू नका. दुसरीकडे कुठेही वाचवा.

विमानाने थेट उंचीवर उतरवणारी शहरे वेगळी तपासा. पेरूतले कुस्को ३,४०० मीटरवर आहे. उतरल्याबरोबर तिथे न झोपता खाली ओयांताइताम्बोला, २,८०० च्या आसपास, पहिल्या एक-दोन रात्री काढल्या तर इंका ट्रेलची ४,२१५ मीटरची खिंड बरीच सुसह्य होते. किनाबालूवर हा नियम सरळ मोडला जातो: समुद्रकाठच्या शहरातून येऊन ३,२७० मीटरवर झोपायचे आणि पहाटे ४,०९५. एकाच रात्रीचा खेळ आणि लगेच उतरणे, म्हणून बहुतेकांचे डोकेदुखीवर निभावते. यावरून ‘मला उंची बाधत नाही’ असा निष्कर्ष काढून थेट पाच हजारी ट्रेक धरू नये.

लक्षणे सोबतच्या प्रत्येकाला माहीत हवीत. डोके दुखणे आणि जोडीला मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा: त्या दिवशी वर जायचे नाही. टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालता येत नाही, बोलणे विसंगत होते: मेंदूला सूज. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो: फुप्फुसात पाणी. या दोन्हींत सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी खाली उतरवायचे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ते डॉक्टरांना विचारूनच, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर विशेष. गोळी चुकीचा कार्यक्रम दुरुस्त करत नाही.

पायरी ४: रोज किती चालणार

किलोमीटरच्या एकट्या आकड्याला डोंगरात फारसा अर्थ नाही. आल्प्समध्ये वापरले जाणारे गणित सोपे आहे. सपाटीला तासाला ४ किलोमीटर, चढाला तासाला ३०० मीटर, उताराला तासाला ५०० मीटर धरा. आडव्या अंतराचा वेळ वेगळा काढा, चढ-उताराचा वेगळा. मोठा आकडा पूर्ण घ्या आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवा.

तूर द्यू माँ ब्लाँ ही फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून फिरणारी वाट घ्या. सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढ साधारण १०,००० मीटर. अकरा दिवसांत केली तर रोज सरासरी साडेपंधरा किलोमीटर, ९०० मीटर चढ आणि तेवढाच उतार. आडवा वेळ ३.९ तास. चढाचे ३ आणि उताराचे १.८ मिळून ४.८ तास. ४.८ अधिक १.९५ म्हणजे पावणेसात तास, तेही विश्रांती न धरता. जेवण, फोटो, पाणी धरून आठ. आणि हे एक दिवस नव्हे, ओळीने अकरा दिवस. ही वाट कुठेही तीन हजारांवर जात नाही, म्हणून तिला ‘सोपी’ म्हणायची पद्धत आहे. फुप्फुसांना ती सोपी आहे, गुडघ्यांना मुळीच नाही.

निघण्याच्या दोन महिने आधी स्वतःची परीक्षा घ्या: भरलेली सॅक घेऊन ओळीने दोन दिवस, रोज ९०० मीटर चढ आणि तेवढा उतार. चढावर डोंगर हवाच असे नाही, जिनाही चालतो; उतारावर मात्र खरी वाट हवी, कारण मांड्या आणि गुडघे उतारावरच बोलतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला तर यादीतून लांब उतारांच्या वाटा काढा किंवा दिवस वाढवा.

पायरी ५: वाटेचा स्वभाव

‘मध्यम’ हा शब्द कंपन्या वाटेल तसा वापरतात. त्यापेक्षा चार गोष्टी नेमक्या विचारा: घसारा (सुट्या दगड-मातीचा घसरडा उतार) किती, दृष्टिभय होईल, म्हणजे खालची खोली बघून भीती वाटेल, असा आडवा पट्टा किती लांब, शिड्या किंवा साखळ्या आहेत का, आणि नदी पुलाने ओलांडायची की पाण्यातून. लाउगावेगुरवर ओढे पाण्यात उतरून ओलांडावे लागतात, त्यासाठी वेगळी चप्पल लागते. माँ ब्लाँच्या फेरीत अर्जांतियेर सुळक्याजवळ लोखंडी शिड्या आहेत, पण त्या टाळणारी वाटही आहे. कोर्सिका या फ्रेंच बेटावरच्या जीआर २० या लांब वाटेवर, सुमारे १८० किलोमीटर आणि १६ टप्पे, उत्तरेच्या अर्ध्या भागात हात टेकून कातळावर चढण्या-उतरण्याचे पट्टे वारंवार येतात. तिथे जुनी पुस्तके वापरू नका: जून २०१५ मध्ये दरड कोसळून माणसे गेल्यावर सिर्क द ला सोलित्यूदमधली मूळ वाट सोडून दिली गेली.

स्वित्झर्लंडने हा प्रश्न छान सोडवला आहे. पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जिथे तोल सांभाळावा लागतो, आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे आल्पाइन वाट: बर्फ, कातळ, कधी दोर. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, हे लक्षात ठेवा.

पायरी ६: मुक्काम आणि ओझे

नेपाळमधल्या मुख्य वाटांवर टी हाउस आहेत: खोली, गरम जेवण, जाड पांघरूण. आल्प्सच्या हटमध्ये सामायिक खोलीत गादी, रात्रीचे जेवण आणि नाश्ता मिळतो. स्वतःची चादरीची पिशवी न्यावी लागते आणि रोख रक्कम जवळ असलेली बरी. म्हणजे पाठीवर ७-८ किलोत भागते. तंबूची वाट धरली आणि पोर्टर नसेल तर तेच ओझे १५ च्या पुढे जाते, आणि चौथ्या पायरीतले सगळे तास वाढतात. लुक्लाच्या विमानात साधारण १५ किलोच चालते. किलीमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर ते काट्यावर मोजतात. गॅसचे डबे विमानात कुठेच नेता येत नाहीत, ते तिथेच घ्यावे लागतात. तिथल्या गावात मिळतात का, हे तंबूवाल्यांनी आधी पाहावे.

पायरी ७: परवाने

इथे ‘जाऊ कधीतरी’वाले गळतात. इंका ट्रेलवर दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश आहे, त्यात गाइड आणि पोर्टरही मोजतात. परमिट पासपोर्ट क्रमांकावर निघते. मधल्या काळात पासपोर्ट बदलला तर जुनाही सोबत न्या आणि कंपनीला आधी कळवा. न मिळाल्यास माचू पिचूकडे जाणारी सालकांताय ही दुसरी वाट आहे, पण तिची खिंड ४,६०० मीटरच्या वर आहे, म्हणजे तिसरी पायरी पुन्हा. न्यूझीलंडची मिलफर्ड ट्रॅक, ५३.५ किलोमीटर, हंगामात एकाच दिशेने चार दिवसांत करावी लागते आणि स्वतंत्र चालणाऱ्यांना रोज ४० जागा असतात. बुकिंग उघडताच त्या संपतात. त्याच देशात वापरलेले बूट आणि तंबू विमानतळावर जाहीर करावे लागतात. तळव्यात माती अडकलेली असली तर धुवायला घेऊन जातात आणि लपवलेली निघाली तर दंड होतो. घरूनच टूथब्रशने घासून न्या.

जपानच्या फुजीवर (३,७७६ मीटर) २०२५ पासून चारही वाटांना ४,००० येन शुल्क आहे, आणि हटचे बुकिंग नसेल तर दुपारी दोननंतर चढू देत नाहीत. किनाबालू, किलीमांजारो आणि तुबकालवर गाइड सक्तीचा आहे. नेपाळने एप्रिल २०२३ पासून बहुतेक संरक्षित भागांत तो सक्तीचा केला. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरात, स्थानिक पालिकेने ती सक्ती लागू केली नाही. हे नियम दर हंगामात हलतात, म्हणून पैसे भरायच्या आठवड्यात त्या उद्यानाच्या अधिकृत पानावर पुन्हा पाहा.

गाइड कंपनीला विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हा: पाचव्या दिवशी आमच्यापैकी एकाला खाली उतरवावे लागले तर त्याच्यासोबत कोण जाणार आणि उरलेल्यांना कोण नेणार? उत्तर अडखळले तर गटात गाइड एकच आहे असे समजा.

पायरी ८: विमा

साध्या प्रवास विम्यात उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत असते: कुठे ३,०००, कुठे ४,५००, कुठे ६,००० मीटर. मोजायचा तो ट्रेकमधला सर्वांत उंच बिंदू. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे, पण त्याच ट्रेकमधली काला पत्थर ही टेकडी ५,५०० च्याही वर जाते. ५,५०० ची मर्यादा असेल तर ते बाहेर पडले. दोर, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी दाते) किंवा आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) वापरली की विमा रद्द अशी अट आहे का, तेही बघा. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी लागणाऱ्या सामायिक शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, पण त्यात डोंगरातली हेलिकॉप्टर सुटका असेलच असे नाही. फ्रान्समध्ये सरकारी पथकाची सुटका सहसा मोफत असते, खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये गेलात की बिल येते.

हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन झाला पाहिजे, नाहीतर दावा अडकतो. नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार २०१८ च्या सरकारी चौकशीत पुढे आले, तेव्हापासून कंपन्या जास्तच काटेकोर झाल्या आहेत. हा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून सोबतच्या दोघांकडे द्या. आजारी माणूस फोन करत नसतो.

पैसे कोणत्या क्रमाने भरायचे

सर्वांत आधी ज्याच्या जागा मोजक्या आहेत ते: परमिट किंवा हट. माँ ब्लाँच्या अकरा दिवसांच्या फेरीत मधली एकच हट मिळाली नाही तर त्या रात्री खाली गावात उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा सातशे-आठशे मीटर चढावे लागते, म्हणून अवघड मुक्काम आधी धरा, दरीतले नंतर मिळतात. मग विमा, कारण रद्द करण्याचे संरक्षण विमा घेतल्या दिवसापासून मोजले जाते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच करता येतो, तेव्हा तारीख मोजून ठेवा. विमानाचे तिकीट शेवटी, आणि परतीची तारीख बदलता येईल असे. थोडे महाग पडते. दोन राखीव दिवसही संपले आणि ढग उठलेच नाहीत, तर तेवढेच हातात उरते.